नानांच्या खोलीची पाहणी

नानांना स्वतःची खोली पाहिजे हे ज्या बैठकीत ठरलं, त्या बैठकीला नाना सोडून सगळे हजर होते. नाना खाली टेलरमास्तरांच्या दुकानात बटणं निवडत बसले होते. त्यांना वर बोलवावं असं कोणाच्या मनातही आलं नाही. ज्याचं भलं करायचं तो समोर नसला की भलं करायला फार मोकळीक मिळते.

सगळे म्हणजे तिघं. एक तपासनीस, म्हणजे नानांचा मुलगा. दुसरी त्याची बायको. आणि तिसरा बायकोचा भाऊ, ज्याला शहरातल्या एकूण एक वस्तीची खडान्‌खडा माहिती होती. कुठे पाणी कमी येतं, कुठे शेजारी भांडखोर, कुठली हवा छातीला वाईट, सगळं त्याच्या जिभेवर. स्वतः तो ज्या घरात जन्मला त्याच घरात अजून राहत होता. झोपायची कूसदेखील त्याने कधी बदलली नव्हती.

तपासनीस हे साबणाच्या कारखान्यातले. त्यांचं काम असं, की मालाच्या प्रत्येक खेपेतून एक वडी उचलायची, ती घासायची, मोडायची, भिजत घालायची, हुंगायची, आणि मग मान डोलवून ‘जाऊ द्या’ म्हणायचं किंवा हात वर करून ‘थांबवा’ म्हणायचं. अख्खा कारखाना त्यांच्या एका हाताकडे बघत उभा राहायचा. घरी मात्र त्या हाताला कोणी विचारत नसे, म्हणून की काय, ते घरी येणारी प्रत्येक वस्तू कारखान्यासारखीच तपासायचे. छत्री घेताना त्यांनी ती दुकानातल्याच नळाखाली उघडून धरली होती. दुकानदाराने त्यांना छत्रीसकट बाहेर काढलं, तेव्हा ते म्हणाले, “पाहिल्याशिवाय घ्यायचं म्हणजे काय डोळे मिटून घ्यायचं?” गल्लीतले लोक त्यांना पाठीमागे नमुनासाहेब म्हणायचे. पुढून कोणी काहीच म्हणत नसे, कारण पुढून ते कायम काहीतरी तपासत असायचे.

राहायचे ते एका बाजारगल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. खाली पत्र्याच्या पेट्या ठोकायचं दुकान. दिवसभर असा ठणठणाट, की घरातली माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलायची. मग दुकान बंद झाल्यावरही त्यांचा आवाज खाली येत नसे. नानांची कॉट स्वयंपाकघरात, भांड्यांच्या फळीखाली. सुनेला वरचं पातेलं काढायचं असलं की ती म्हणायची, “नाना, डोकं.” नाना वर्तमानपत्रातून नजर न काढता मान खाली घालायचे, पातेलं त्यांच्यावरून निघून जायचं आणि मान परत वर यायची. दिवसातून कितीदा तरी हे चालायचं. तपासनिसांना ते बघवत नसे. ज्या माणसाने सगळी नोकरी पाणीखात्यात, उन्हातान्हात दारोदार मीटर वाचत काढली, त्याने म्हातारपणी पातेल्यापुढे मान तुकवायची? त्यांना मनापासून वाईट वाटायचं, हे इथे सांगून ठेवतो. पुढे जे झालं ते वाचताना त्यांच्याविषयी काही वेडंवाकडं मनात येईल, तेव्हा आठवायला बरं.

“घर घ्यायचं,” तपासनीस म्हणाले. “नानांना स्वतंत्र खोली. खिडकीची. आणि हे सगळं त्यांचे पाय चालताहेत तोवर.”

“कुठल्या भागात?” मेहुण्याने खुर्ची पुढे ओढली.

“ते राहून ठरवायचं. प्रत्येक वस्तीत थोडे महिने भाड्याने राहायचं, घासून-भिजवून बघायचं. जी पास होईल तिथे विकत घ्यायचं.”

“अहो, वस्ती म्हणजे काय साबण आहे का?” बायको म्हणाली.

पण मेहुणा टाळी देऊन म्हणाला, “भाऊजी, वा! हे कोणाला सुचलं नाही आजवर.” आजवर न सुचण्याला काहीतरी कारण असेल, अशी शंका तिघांपैकी एकालाच आली. पण तिला पातेली भरायची होती.

नानांना संध्याकाळी सांगितलं. ते म्हणाले, “बरं.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “मास्तर एकटे पडतील.” आणि विषय संपला. टेलरमास्तरांनी मात्र लगेच घरमालकाला गाठून त्याच दोन खोल्या स्वतःसाठी मागून घेतल्या. दुकानातल्या फळीवर झोपून त्यांची पाठ कामातून गेली होती.

बायकोने सामानाची खोकी बांधली. निम्म्या खोक्यांवर लिहिलं ‘लागेल ते’ आणि निम्म्यांवर ‘लागणार नाही ते’. पहिल्याच दिवशी चहाची गाळणी ‘लागणार नाही’ मधून निघाली. पुढे कायम तसंच होत गेलं. जे लागेल ते दुसऱ्याच खोक्यात.

पहिली वस्ती मेहुण्याने सुचवली ती उंच इमारतींची. “भाऊजी, तिथे कोणी कोणाच्या भानगडीत पडत नाही.” हे मात्र शंभर टक्के खरं निघालं. लिफ्टमध्ये माणसं दाराकडे तोंड करून, श्वास धरून उभी राहायची. तपासनिसांनी पहिल्या दिवशी एका गृहस्थांना “कितव्या मजल्यावर राहता?” असं विचारलं, तर ते मधल्याच मजल्यावर उतरून जिन्याने गेले. बायकोने शेजारी विरजण मागायला बेल वाजवली. दारातल्या भोकातून एक डोळा तिला बराच वेळ न्याहाळत राहिला आणि मग निघून गेला. विरजण राहिलं, डोळ्याला आपण पसंत पडलो नाही याचंच तिला फार लागलं.

खोली मात्र नानांना मिळाली. खिडकी होती. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसायच्या, आणि त्या सगळ्यांना पडदे होते.

नानांना दुपारी पाय मोकळे करायची सवय. ते खाली उतरायचे, फाटकाबाहेर फेरी मारायचे आणि परत यायचे. परत आले की फाटकावरचा पहारेकरी विचारायचा, “कोणाकडे जायचंय?” नाना सांगायचे, “मुलाकडे.” पहारेकरी वर फोन लावायचा. वर सून झोपलेली असली की नाना फाटकाशी स्टुलावर बसायचे. रोजचा तोच पहारेकरी, रोजचे तेच नाना आणि रोजचा तोच प्रश्न. एक दिवस नाना कंटाळून म्हणाले, “कोणाकडेच नाही.” मग मात्र भलताच घोळ झाला. दोन पहारेकरी, एक सेक्रेटरी आणि एक कुत्रा अशी चौकशी समिती बसली. तपासनीस कारखान्यातून आले तेव्हा नाना मधोमध बसून समितीला त्या भागातली पाण्याची मुख्य लाइन कुठून कुठे गेली आहे ते समजावून सांगत होते. समितीला आणखीच संशय आला होता.

“अहो, हे माझे वडील!” तपासनीस म्हणाले.

“ते म्हणाले, कोणाकडेच नाही,” सेक्रेटरी म्हणाले. “आम्ही काय समजायचं?”

तपासनिसांनी त्या संध्याकाळी हात वर करून ‘थांबवा’ म्हटलं. वस्ती नापास.

दुसरी वस्ती झाडांची. जुने बंगले, रुंद फुटपाथ, आणि अशी शांतता की आपल्याच पोटातला आवाज ऐकून माणूस दचकायचा. इथे कुत्र्यांना नावं होती, त्या नावांनी लोक त्यांना ओळखायचे आणि कुत्र्यांवरून त्यांच्या मालकांना. तपासनिसांकडे कुत्रा नसल्यामुळे त्यांची ओळख व्हायला काही वावच राहिला नाही. सुई-दोरा मिळेल असं दुकान पायी जाण्याजोगं नव्हतं. कॉफीची दुकानं मात्र पावलापावलाला होती आणि तिथे बसलेली माणसं अख्खी दुपार एका कपावर काढायची. बायको म्हणाली, “ह्यांना घरं नाहीत का हो?” नाना म्हणाले, “घरं आहेत सूनबाई. मी सगळ्यांची मीटरं वाचलीत. घरात माणसं नाहीत.”

तळमजल्यावर घरमालकीण राहायच्या. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण फक्त शाळेतून. दुसऱ्याच दिवशी वर आल्या आणि म्हणाल्या, “काल संध्याकाळी कोणीतरी खुर्ची सरकवली.” असा आवाज लावला होता की तपासनीस, त्यांची बायको आणि नाना तिघंही आपोआप उभे राहिले. मग खुर्च्यांच्या पायांना फडकी बांधली. मग चपला दाराबाहेर. मग भांडी हळू घासायची. ज्यांनी इतकी वर्षं पत्र्याच्या पेट्यांवर आवाज चढवून संसार केला, त्यांना कुजबुजत भांडणं जमेना. तपासनीस आणि त्यांची बायको भांडायला कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत चालत जायचे. तिथे पोहोचेपर्यंत मुद्दा विसरलेला असायचा आणि परत यायला जिवावर यायचं.

शेवटी बाईंनी नानांच्या काठीवर बोट ठेवलं. “ही टक्‌टक्‌ मला डोक्यात वाजते.” काठीच्या टोकाला तपासनिसांचा जुना मोजा बांधण्यात आला. मोजा घातलेली काठी फरशीवरून घसरायची. नाना एकदा पडता पडता वाचले, आणि त्यानंतर त्यांनी चालणंच कमी केलं. खिडकीची खोली इथेही होती. नाना खिडकीपाशी बसायचे. बोलायचे कमी. तपासनिसांनी विचारलं, “नाना, कशी आहे खोली?” तर म्हणाले, “छान आहे. हवा येते.”

याच घरात असताना पेन्शनच्या कचेरीतून निरोप आला, की दरवर्षीचा हयातीचा दाखला राहिला आहे, आजोबांना घेऊन या. तपासनीस रजा काढून नानांना घेऊन गेले. खिडकीतल्या कारकुनाने नानांकडे पाहिलं, नानांनी त्याच्याकडे पाहिलं.

“जिवंत आहेत,” तपासनीस म्हणाले.

“ते दिसतंय मला,” कारकून म्हणाला. “पण कुठे आहेत ते दिसत नाही. आमच्याकडे पत्ता बाजारगल्लीचा. हे सांगताहेत झाडांच्या वस्तीचा. मधे तुम्ही तिसरंच काहीतरी कळवलंय.”

“तिथून आम्ही इथे आलो.”

“आणि इथून कुठे?”

तपासनीस खिशात बसची तिकिटं शोधायला लागले, कारण मेहुण्याने त्याच आठवड्यात तिसरी वस्ती सुचवली होती. कारकून म्हणाला, “एका जागी टिका आणि मग या. राहतो त्या जागी सहा महिने राहिल्याचा पुरावा लागतो.” मागच्या रांगेतल्या एका आजीबाई मोठ्याने म्हणाल्या, “ह्या वयात कशाला बाई नाचवतात म्हाताऱ्याला!” तपासनिसांचे कान लाल झाले. साबणाच्या कारखान्यात त्यांच्याविषयी असं बोलायची कोणाची छाती नव्हती.

तिसरी वस्ती शहराच्या टोकाला. इतकी टोकाला, की बसचा कंडक्टर शेवटचा थांबा सांगून खाली उतरायचा आणि आपल्याला मात्र तिथून पुढे चालत जावं लागायचं. “भाऊजी, इथे पुढे बाजार येणार, शाळा येणार, रस्ता येणार,” मेहुणा म्हणाला होता. इमारत तेवढी आलेली होती. भोवताली मोकळं मैदान, वारा आणि वाऱ्याबरोबर घरात येणारी माती. खोल्या मोठ्या, उजेड भरपूर. नानांची खोली तर अशी ऐसपैस, की नाना त्यात दिसायचेच नाहीत, शोधावे लागायचे. शेजारी नव्हते. दारं होती, त्यांना कुलपं होती, आणि कुलपांवर बिल्डरचं नाव होतं. बायको एकदा जिन्यात उभी राहून “कोणी आहे का?” असं ओरडली, तर तिचाच आवाज सगळ्या मजल्यांवर फिरून परत आला. त्यानंतर ती बराच वेळ स्वयंपाकघरात उभी होती.

एक आठवडा झाला तरी खोकी तशीच. तपासनीस म्हणाले, “उघड की. ताटं किती दिवस वर्तमानपत्राच्या कागदात राहणार?”

बायको एका खोक्यावर बसली. “एक विचारू?”

“विचार.”

“कारखान्यात तुम्ही जी वडी तपासता, घासता, मोडता, भिजवता, ती नंतर विकता का?”

“छे! तपासलेली वडी कशी विकणार? ती वाया गेली.”

“मग आमचं काय?” ती म्हणाली. “घासून झालं, मोडून झालं, भिजवून झालं. वस्त्या सगळ्या जागच्या जागी आहेत. त्यांचं काही बिघडलं नाही. आपण किती उरलोय ते बघा.” आणि मग अगदी शांतपणे म्हणाली, “मी आता एकही खोकं उचलणार नाही. ही खोकी जिथे आहेत तेच घर. तुम्हाला पुढची वस्ती तपासायची असेल तर खुशाल जा आणि काय ते कळवा.”

तपासनिसांनी आधार शोधावा तसं नानांच्या खोलीकडे पाहिलं. नाना खिडकीत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बाहेर बघत होते. तपासनीस दाराशी थांबून मनातल्या मनात दिवस मोजायला लागले. हा माणूस किती दिवसांत आपल्याशी आपणहून बोललेला नाही, हे त्यांना आठवूनही आठवेना.

अशा रीतीने घराचा निर्णय झाला. वस्ती पास झाली नव्हती, तपासणारी माणसं थकली होती. सह्या झाल्या, किल्ल्या मिळाल्या, मेहुण्याने अभिनंदन केलं आणि जाता जाता म्हणाला, “पण भाऊजी, आणखी एक वस्ती बघायला हवी होती.” तपासनिसांनी आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला तरी हाताला धरून जिन्यापर्यंत पोचवलं.

राहिली पेन्शन. कचेरीत पुन्हा तोच कारकून.

“नवीन पत्ता कायमचा?” त्याने विचारलं.

“कायमचा. विकत घेतलाय.”

“सहा महिने झाले?”

“नाही हो.”

कारकुनाने सुस्कारा सोडला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, “असं करा. जुना पत्ता आमच्याकडे पक्का आहे. तिथेच पाहणी लावतो. आमचा माणूस जाईल, आजोबा तिथे सापडले की काम झालं. तुमचं कोणी आहे तिथे?”

“मास्तर आहेत,” नाना म्हणाले. त्या दिवशी कचेरीत ते तेवढंच बोलले, पण चटकन बोलले.

“माणूस कधी येईल?” तपासनिसांनी विचारलं.

“येईल तेव्हा येईल. आधी सांगून आलं तर ती पाहणी कसली?”

कारखान्यात तपासनीस स्वतः कधी कोणाला सांगून जात नसत. हेच वाक्य त्यांनी कितीतरी वेळा, अगदी ह्याच सुरात, पॅकिंगवाल्यांना ऐकवलं होतं.

नानांनी एका कापडी पिशवीत दोन कपडे, चष्मा आणि औषधाच्या गोळ्या भरल्या. “दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे,” तपासनीस म्हणाले. नाना म्हणाले, “हो, हो.” काठीचा मोजा त्यांनी सोडून खुर्चीच्या पाठीवर टाकला. टेलरमास्तरांनी वरच्या खिडकीतूनच पाहिलं आणि गळ्यातली टेप तशीच ठेवून खाली धावत आले. “या, या, नाना! काजं करून ठेवलीत, बटणं कोण निवडणार?” जुन्या स्वयंपाकघरात, त्याच भिंतीशी, त्यांनी कॉट टाकून ठेवली होती. खालून पत्रा ठोकायचा आवाज येत होता. मास्तर ओरडून काहीतरी बोलले, नाना ओरडून काहीतरी बोलले, आणि दोघंही हसले. नाना ओरडू शकतात हे तपासनीस विसरूनच गेले होते.

दोन-तीन दिवस गेले. पाहणीचा माणूस आला नाही. आठवडा गेला. दर रविवारी तपासनीस बस बदलत गल्लीत जायचे. “आला का?” “नाही आला.” “मग पुढच्या रविवारी.” मधल्या वेळात ते टोकाच्या घरी नानांची खोली लावत होते. कॉट खिडकीशी. उशाला दिवा. काठी अडकवायला खुंटी. फळी मुद्दाम समोरच्या भिंतीला, डोक्यावर काहीही येऊ नये म्हणून. इतक्या मायेने त्यांनी आयुष्यात काही केलं नव्हतं. बायको दारात उभी राहून बघायची. म्हणायची, “अहो, नानांना विचारलंत का?” ते म्हणायचे, “आल्यावर सांगतीलच.”

शेवटी एका रविवारी नाही, भलत्याच वारी, तपासनीस सहज म्हणून रजा काढून गेलेले असताना, पाहणीचा माणूस आला. चढून आल्याने त्याला धाप लागली होती. पाणी प्यायला, घाम पुसला आणि कॉटसमोर स्टूल ओढून बसला.

“आजोबा, इथेच राहता?”

“इथेच,” नाना म्हणाले.

“किती वर्षं?”

“हा पोरगा शाळेत जायच्या आधीपासून.”

“मधे कुठे गेला होतात का? आमच्याकडे दोन-तीन पत्ते आलेत.”

नानांनी जरा विचार केला. “मुलाबरोबर जरा फिरून आलो.”

माणसाने लिहून घेतलं. मग वर बघून तपासनिसांना विचारलं, “तुम्ही कोण?”

“मुलगा.”

“इथे राहता?”

तपासनिसांचं तोंड उघडलं. हे स्वयंपाकघर. ती मोरी. ह्या उंबरठ्याला ठेच लागून त्यांचा दुधाचा दात पडला होता. खोटं बोलायची सवय नव्हती. ते म्हणाले, “नाही.”

“मग जरा बाहेर उभे राहता का? राहणाऱ्यांचीच पाहणी आहे.”

तपासनीस बाहेर जिन्यात जाऊन उभे राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांना ‘बाजूला ठेवा’ म्हणणारे ते, जिन्यात असे कधी उभे राहिले नव्हते. आत टेलरमास्तर चहाचं आधण ठेवत होते. पाहणीचा माणूस आणि नाना कुठल्या भागात मीटर चोरीला जातात यावर बोलायला लागले होते. काम केव्हाच संपलं होतं.

माणूस गेल्यावर तपासनीस आत आले. “झालं, नाना. चला.”

“कुठे?”

“घरी. खोली लावलीय तुमची. खुंटीसुद्धा ठोकलीय काठीला.”

नानांनी त्यांच्याकडे पाहिलं. मुलगा लहान असताना पाढे चुकला की पाहायचे, तसं पाहिलं, न रागावता. “अरे, पाहणीचा माणूस परत आला तर?”

“आता एकदम पुढच्या वर्षी.”

“मग तेवढ्यासाठी जा-ये कोण करत बसणार?” नाना म्हणाले. खालचा ठणठणाट चालूच होता. मग नाना तपासनिसांचा हात धरून, इतक्या जवळून ओरडायची गरज नव्हती तरी जरा मोठ्याने म्हणाले, “तुझी खोली चांगली आहे. सगळ्याच चांगल्या होत्या. पण तिथे दिवसभर मला कोणी काही म्हणत नाही रे.”

“नाना, डोकं,” मास्तर म्हणाले. त्यांना फळीवरचा कापडाचा तागा हवा होता.

नानांनी मान खाली घातली. तागा वरून गेला. दारापाशी उभ्या तपासनिसांनीही मान खाली घातली होती, त्यांच्या डोक्यावर काहीही नसताना.

निघताना नानांनी कापडी पिशवी रिकामी करून, घडी घालून त्यांच्या हातात दिली. “सूनबाईला लागेल. आणि रविवारी येत जा. तिलाही आण.”

बसमध्ये तपासनीस ती पिशवी मांडीवर घेऊन बसले. घरी बायकोने दार उघडलं, त्यांच्या मागे जिन्यात पाहिलं, मग हातातली पिशवी पाहिली. ‘नाना?’ असं तिने विचारलंच नाही. पिशवी घेतली, आत नेली, आणि ‘लागणार नाही ते’ लिहिलेल्या खोक्यात ठेवून त्याच खोक्यावर डोकं टेकून रडायला लागली.

तपासनीस नानांच्या खोलीत गेले आणि कॉटवर बसले. खिडकी उघडी होती, हवा येत होती. उजेड अगदी पाहिजे तसा. कुठूनही आवाज नाही, डोक्यावर फळी नाही. खुंटी हलवून पाहिली, ती पक्की होती. त्यांनी बसल्या जागेवरून भिंती पाहिल्या, कोपरे पाहिले, छत पाहिलं, आपल्या कामात मुरलेल्या नजरेने सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. खोलीत एकही खोट निघेना.